योहान टोळ का खायचा? उंटाचे केस, रानमध आणि कुणाच्या ताटात जेवायचं हा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे: आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या आठवड्यांच्या) दुसऱ्या रविवारी, येशूच्या आधी येऊन बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा उतारा वाचला गेला आणि प्रवचनात सांगितलं की उंटाचे केस म्हणजे नम्रता, कातड्याचा पट्टा म्हणजे वासनांवर ताबा, टोळ म्हणजे न्याय आणि मध म्हणजे कृपा. तर हे बायबलमध्ये नेमकं कुठे लिहिलंय? आणि योहान आपल्याकडच्या बैराग्यांसारखा होता का, आपण पण तसंच राहायचं का?

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो. कुठेच लिहिलेलं नाहीये. येशूची गोष्ट सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, त्यांतल्या मार्कने एका ओळीत (१:६) सांगितलं की तो उंटाच्या केसांचं वस्त्र घालायचा, कमरेला कातड्याचा पट्टा असायचा आणि टोळ नि रानमध खायचा. मत्तयने (३:४) तेच थोडं शब्द इकडेतिकडे करून घेतलं. लूकने कपडे आणि टोळ दोन्ही गाळले, चौथ्या शुभवर्तमानात (त्याचंही नाव योहान, पण तो योहान वेगळा) तर त्याचा मागमूस नाही. अर्थ कुणीच सांगितलेला नाही. मी बरीच वर्षं बायबलचे वर्ग घेतोय, आणि हे "ह्याचा अर्थ हे, त्याचा अर्थ ते" प्रकरण मला कधीच पटलं नाही, ऐकायला छान वाटतं, पोरांच्या लक्षात पण राहतं, पण ते उताऱ्यातून निघत नाही, वरून चिकटवलेलं असतं, आणि उद्या दुसरा कुणी येऊन म्हणाला की टोळ म्हणजे पाप आणि मध म्हणजे मोह तर त्यालाही तुम्ही चूक म्हणू शकत नाही. ह्यात खरं नुकसान हे होतं की जे प्रतीक त्या काळच्या ज्यू माणसाला बघताक्षणी कळलं असतं तेच आपल्या नजरेतून सुटतं.

ते प्रतीक म्हणजे जुन्या करारातला संदेष्टा एलीया. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (२ राजे १) गोष्ट आहे, राजा अहज्या शोमरोनात माडीच्या जाळीतून खाली पडतो, आजारी होतो आणि एक्रोनच्या दैवताला विचारायला माणसं पाठवतो की मी बरा होईन का. वाटेत त्या माणसांना कुणीतरी अडवतं आणि सांगतं, परत जा, राजा मरणार. राजा विचारतो, कसा होता तो माणूस? ते म्हणतात, केसाळ होता आणि कमरेला कातड्याचा पट्टा होता. बस, एवढ्यावर राजा ओळखतो: हा एलीया तिश्बीच. म्हणजे नाव-गाव काही नाही, नुसता अवतार सांगितला की ओळख पटते. आता त्यात मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या ओळी जोडा, परमेश्वराचा महान दिवस येण्याआधी मी एलीयाला पाठवीन. ख्रिस्ती जुना करार तिथेच संपतो. मग काही शतकांनी यार्देन (जॉर्डन) नदीच्या काठावर त्याच अवतारात एक माणूस उभा राहतो. आणि जागा कुठली तर यरीहोच्या समोरचा तो पट्टा, जिथून नदी ओलांडून पलीकडे गेल्यावर एलीया अग्निरथातून वर गेला असं २ राजे २ मध्ये सांगितलंय. आज जॉर्डन देशात अल-मगतास म्हणून जे ठिकाण दाखवतात, २०१५ साली युनेस्कोच्या वारसा यादीत आलं, तिथेच एक टेकडी एलीयाची टेकडी म्हणून दाखवली जाते. तर कपडे, जागा, नदी सगळं एकच गोष्ट बोलतंय. गंमत म्हणजे लोकांनी तोंडावर विचारलं की तू एलीया आहेस का, तर चौथ्या शुभवर्तमानात (१:२१) तो सरळ "नाही" म्हणतो, आणि मत्तयात येशू म्हणतो की येणारा एलीया तो हाच. त्यावर मोठमोठे वाद झालेत, मी इथे शिरत नाही, लूकचं वाक्य पुरेसं आहे: एलीयाच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने.

पण एक सावधगिरी. जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात (१३:४) म्हटलंय की असा दिवस येईल जेव्हा खोटे संदेष्टे लोकांना फसवायला केसाळ झगा घालणार नाहीत. म्हणजे तो वेश घालून फसवणारे होतेच! तेव्हा नुसत्या वेशावरून काही सिद्ध होत नव्हतं, हे तेव्हाच्या लोकांनाही चांगलं माहीत होतं.

आता दुसरी गोष्ट, जी प्रवचनात जवळजवळ कधीच येत नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. योहान कुणाचा मुलगा होता? जखऱ्या याजकाचा (तो संदेष्टा नव्हे, दुसरा). आई अलीशिबा, ती पण याजकांचा मूळपुरुष अहरोन ह्याच्या वंशातली. लूकने पहिल्याच अध्यायात हे नीट सांगून ठेवलंय. याजकपद तेव्हा वंशाने यायचं, परीक्षा नाही, निवडणूक नाही. म्हणजे ह्या मुलाचं आयुष्य जन्मतःच ठरलेलं होतं: वय झालं की यरुशलेमच्या मंदिरात पाळी लागणार, अंगावर तागाचा अंगरखा, कमरेला भरतकाम केलेला कमरबंद (निर्गम २८ आणि ३९ वाचा, किती बारकाईने सांगितलंय), आणि जेवायला अर्पणातला वाटा. गणना १८ मध्ये याजकांचं काय काय लागतं त्याची यादीच आहे, बळीच्या मांसातला भाग, प्रथमफळं, लेव्यांना (मंदिराच्या सेवकांना) मिळणाऱ्या दशमांशाचा दशमांश. आता ह्याच्या शेजारी योहानाला उभा करा. तागाच्या जागी उंटाचे केस, आणि लेवीय ११ प्रमाणे उंट म्हणजे खायला अशुद्ध प्राणी बरं का, केस वापरायला बंदी नव्हती पण तरी. भरतकामाच्या कमरबंदाच्या जागी साधा कातड्याचा पट्टा. अर्पणाच्या वाट्याच्या जागी टोळ. आणि मध? लेवीय २:११ सांगतं की वेदीवर मध जाळायचा नाही. हा योगायोग आहे की मुद्दाम, ह्यावर मी जास्त जोर देणार नाही कारण मार्क तसं म्हणत नाही. पण एवढं नक्की की ज्याला मंदिरातून खायचा हक्क होता तो मंदिराचं खात नव्हता, आणि पापांची क्षमा, जी मंदिरात बळी देऊन मिळते असं सगळे धरून चालायचे, ती तो नदीच्या पाण्यात उभा राहून फुकटात जाहीर करत होता.

जेवणाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक उगाच नाक मुरडतात. टोळ खाणं तेव्हा किळसवाणं नव्हतं, निषिद्ध तर अजिबात नव्हतं. लेवीय ११:२२ मध्ये चार प्रकारच्या टोळांना स्पष्ट परवानगी आहे, किड्यांमधला तो अपवादच आहे. मृत समुद्राजवळ ज्या गुंडाळ्या १९४७ पासून सापडल्या त्यांच्याशी जोडलेल्या एका नियमपुस्तकात टोळ जिवंत असतानाच आगीत किंवा पाण्यात टाकावे असा नियम आहे, म्हणजे लोक नियमित खात असल्याशिवाय कुणी असा नियम करणार नाही. येमेनमधले ज्यू तर अगदी विसाव्या शतकापर्यंत खायचे. पंख-पाय काढून भाजायचे किंवा वाळवून ठेवायचे. आपल्याकडे मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूरकडे टोळधाड आली तेव्हा ज्यांनी पाहिली त्यांना कळेल की आली तर ढीगच्या ढीग येते. काही मंडळी टोळांच्या जागी कॅरोबच्या शेंगा आणून बसवतात, जर्मनीत त्या झाडाच्या नावातच योहान आहे. मला तो सरळ लाजेपोटी केलेला बदल वाटतो, संदेष्ट्याने किडे खावेत हे लोकांना झेपत नाही म्हणून.

मध म्हणजे खडकांच्या कपारीतला, झाडाच्या ढोलीतला. मधमाश्या पाळून मध काढणं त्या देशात माहीत होतं, तेल रेहोव इथल्या उत्खननात येशूच्या काळाच्या आठ-नऊशे वर्षं आधीची मातीची मधमाशीघरं रांगेने सापडलीत. शिवाय यरीहोच्या खजुरांपासून काढलेला गोड रस पण होता, पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस त्याचं वर्णन करतो. म्हणजे गोड हवंच असेल तर बाजारात, बागेत मिळत होतं. मार्क मुद्दाम "रान" म्हणतो.

तर टोळ आणि रानमध, ह्या दोन्हींत समान काय? दोन्हींना मालक नाही. कुणी पेरलेलं नाही, कुणी कापलेलं नाही, कुणी विकलेलं नाही, त्यावर कर नाही, दशमांश नाही, कुणाचे उपकार नाहीत. आपल्याकडे म्हणतात ना, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. योहान कुणाचीच पोळी खात नव्हता.

आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, संदेष्टा आणि त्याचं जेवण हा विषय जुन्या करारात सारखा येतो, एकदा दिसायला लागला की सगळीकडे दिसतो. १ राजे १८:१९, बआलचे साडेचारशे आणि अशेराचे चारशे संदेष्टे, त्यांची ओळख काय तर "ईजबेलीच्या मेजावर जेवणारे", म्हणजे राणीच्या मेजावर. त्याच वेळी एलीया कुठे होता? आधी करीथ ओढ्याकाठी कावळ्यांनी आणलेलं खात होता, मग सारफथच्या गरीब विधवेच्या घरी. १ राजे १३ मध्ये यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला ताकीद असते की बेथेलात अन्नपाणी घ्यायचं नाही, राजाला तो ठणकावून नाही म्हणतो, पण दुसऱ्या एका म्हाताऱ्या संदेष्ट्याच्या थापेला भुलून जेवतो आणि वाटेत सिंह त्याला मारतो. आमोस संदेष्ट्याला बेथेलचा याजक अमस्या म्हणतो, जा तुझ्या यहूदा देशात, तिथे भाकर खा नि तिथे संदेश दे, म्हणजे पोट भरायला आलास हेच गृहीत. आमोस म्हणतो, मी गुराखी माणूस, उंबराच्या फळांची निगा राखतो. आणि मीखा तर थेट बोलतो (३:५), ह्यांच्या दाताखाली काही असलं की हे "शांती" म्हणतात, तोंडात काही घातलं नाही तर युद्ध पुकारतात. इतकं स्पष्ट आहे. संदेष्टा काय बोलतो हे बघण्याआधी तो कुणाचं खातो ते बघा, ही त्या लोकांची जुनी कसोटी होती, आणि मार्क एका ओळीत सांगून टाकतो की हा माणूस त्या कसोटीला उतरलाय.

आता समोर कोण होतं ते बघा. यार्देनच्या त्या भागापासून काही किलोमीटरवर यरीहोला हेरोदाचे हिवाळी महाल होते, पोहण्याचे तलाव, बागा, स्नानगृहं, उत्खननात सगळं सापडलंय. तेव्हा मत्तय ११ मध्ये येशू गर्दीला विचारतो, रानात काय बघायला गेला होता? वाऱ्याने हलणारा बोरू? तलम कपडे घातलेला माणूस? तलम कपडेवाले राजवाड्यात असतात! तर ऐकणाऱ्यांना ते हवेतलं बोलणं वाटलं नसणार. काही अभ्यासक तर दाखवतात की त्याच हेरोदाचा मुलगा, गालीलचा राज्यकर्ता हेरोद अंतिपा, त्याने तिबिर्या शहर वसवलं तेव्हाच्या नाण्यांवर बोरूचंच चित्र होतं, मग तो टोमणा कुणाला होता हे वेगळं सांगायला नको.

त्या काळी असा राहणारा योहान एकटाच होता असंही नाही. योसेफस आत्मचरित्रात बॅनस नावाच्या माणसाबद्दल लिहितो, रानात राहायचा, झाडापासून मिळेल ते नेसायचा, आपोआप उगवेल ते खायचा, दिवसरात्र थंड पाण्याने आंघोळी करायचा, आणि तरुणपणी योसेफस स्वतः तीन वर्षं त्याच्याजवळ राहिला. कुमरानची मंडळी, म्हणजे मृत समुद्राकाठी वेगळा समाज करून राहणारे ज्यू, पण तिथून जवळच, आणि यशयाचं तेच वाक्य, अरण्यात परमेश्वराचा मार्ग तयार करा, ती आपल्या नियमपुस्तकात स्वतःला लावून घेतात. म्हणून योहान त्यांच्यातलाच असं बरेच जण ठोकून देतात. पुरावा नाही. उलट फरक मोठा आहे, कुमरानला आत यायला मोठी परीक्षा, टप्पे, नियम, शिक्षा, आणि आत आलात की बाहेरच्यांशी संबंध तोडायचे. योहानाकडे कुणीही यायचं, जकातदार, शिपाई, कुणीही, आणि बुडी मारून घरी परत जायचं.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी येतो, तो बैरागी होता का आणि आपण तसं राहायचं का. लूक ३:१० ते १४ उघडा. लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? आता ज्याने स्वतः उंटाचे केस नेसलेत त्याने काय सांगायला हवं होतं? सगळं सोडा, माझ्यासारखे रानात या, टोळ खा. तसं एक अक्षर नाही. तो सांगतो, दोन अंगरखे असतील तर ज्याला नाही त्याला एक द्या, अन्न असेल तर तसंच करा. जकातदारांना सांगतो, ठरलेल्याहून जास्त घेऊ नका. नोकरी सोडा म्हणत नाही! शिपायांना सांगतो, कुणाला धमकावून पैसे काढू नका, खोटे आरोप करू नका, पगारात भागवा. म्हणजे त्याची राहणी ही त्याची निशाणी होती, लोकांसाठी नियमावली नव्हती. यशया तीन वर्षं उघडा नि अनवाणी फिरला (यशया २०), यिर्मया मानेवर जू घालून हिंडला, अहीयाने नवा झगा फाडून बारा तुकडे केले, पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही की तुम्हीही कपडे काढा किंवा फाडा. संदेष्टा अंगावर जे घालतो ते बोलणं असतं, फक्त तोंडाच्या ऐवजी अंगाने केलेलं. हां, त्याचे जवळचे शिष्य मात्र उपवास करायचे, मार्क २:१८ मध्ये आहे, तेव्हा आतल्या वर्तुळाची शिस्त वेगळी होती हे मान्य करायला हवं.

आणि येशू स्वतः तसा राहिला का? नाही. मत्तय ११:१८-१९, योहान खातपीत नाही तर म्हणता भूत लागलंय, मनुष्याचा पुत्र खातोपितो तर म्हणता खादाड नि दारुडा. लोकांना दोघंही चालले नाहीत. योहानाची राहणी हाच एकमेव पवित्र मार्ग असता तर येशू जक्कय जकातदाराच्या घरी जेवायला गेलाच नसता.

आपल्या मराठी मंडळीत हा प्रश्न जुना आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा केला. पगार मिशनचा आणि बोलणं देवाचं, हे एका हाताने कसं जमायचं, हा पेच मला तिथे दिसतो, अर्थात हे माझं वाचन आहे. त्यांना योहानाशी ताडून बघायचं झालं तर भगव्या कपड्यापेक्षा त्या सुटलेल्या पगाराकडे बघा.

गोव्यात मात्र योहानाच्या नावाने २४ जूनला जे होतं त्यात वैराग्याचा मागमूस नाही, डोक्यावर फुलापानांचं कोपेल, विहिरीत उड्या, फेणी, शिवोलीला होड्यांची मिरवणूक! सांजांव. लूक १:१५ मध्ये देवदूत म्हणतो की हा मुलगा द्राक्षारस नि मद्य पिणार नाही, आणि त्याच्याच सणाला हे, म्हणून काही कडक लोक चिडतात. मी चिडत नाही. तो सण त्याच्या जन्माचा आहे, अलीशिबेच्या पोटात बाळाने उडी मारली म्हणून विहिरीत उड्या असं लोक सांगतात, आणि मरणाचा दिवस २९ ऑगस्टला वेगळा आहेच.

त्या मरणाबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण मार्कने ती जेवणाशीच बांधलीय. योसेफसच्या म्हणण्यानुसार हेरोद अंतिपाने योहानाला मृत समुद्राच्या पूर्वेच्या मखेरस किल्ल्यात मारलं, कारण लोक त्याचं इतकं ऐकत होते की उठाव होईल अशी भीती वाटली. मार्क हेरोदियेचं कारण देतो, भावाची बायको ठेवणं तुला योग्य नाही असं योहान तोंडावर बोलला. दोन्ही कारणं एकत्र नांदू शकतात. पण मार्क ६ मधला प्रसंग बघा: वाढदिवसाची मेजवानी, सरदार, सेनापती, गालीलातले बडे लोक जेवायला बसलेत, आणि त्या मेजावर तबकातून काय येतं? जो कधी कुणाच्या मेजावर जेवला नाही त्याचं डोकं. आणि लगेच पुढचा प्रसंग कुठला? निर्जन जागी पाच हजारांना भाकरी आणि मासे. मार्कने हे दोन जेवणांचे प्रसंग एकाला एक लागून ठेवलेत, अध्याय सलग वाचला की आपोआप दिसतं, पण आपण रविवारी तुकडे करून वाचतो म्हणून सुटतं.

चित्रांबद्दल विचारलं नाहीये तरी सांगतो, कारण गोंधळ तिथूनही होतो. युरोपातल्या बऱ्याच चित्रकारांनी त्याला अख्खं कातडं पांघरलेलं दाखवलंय, कधी तर उंटाचं डोकंसुद्धा लोंबतंय. शुभवर्तमानात मात्र वस्त्र केसांचं आहे, कातड्याचा फक्त पट्टा. पूर्वेकडच्या चर्चच्या मूर्तिचित्रांत त्याला चक्क पंख असतात, कारण मलाखी ३:१ मधला पुढे पाठवलेला दूत तो, असं ते धरतात.

वर्गात घ्यायचं असेल तर असं करा. मार्क १:६ च्या आधी २ राजे १:८ वाचून घ्या, नंतर १ राजे १८:१९, मग लूक ३:१० ते १४, आणि शेवटी मार्क ६ पूर्ण, एका बैठकीत. टोळ म्हणजे अमुक नि मध म्हणजे तमुक हे फळ्यावर लिहायचं टाळा. मोठ्यांचा वर्ग असेल तर आमोस ७ पण घ्या, आणि मग विचारा की आपल्या मंडळीत जो बोलतो त्याचा पगार कोण देतं आणि त्यामुळे कुठले विषय कधीच निघत नाहीत. चर्चा तापेल, तयारी ठेवा. पोरांसाठी मात्र एलीयाची आणि जाळीतून पडलेल्या राजाची गोष्ट पुरे, ती त्यांना आवडते, आणि टोळ भाजून खायचे हे सांगितलं की "ई" म्हणून ओरडतात, ओरडू द्या.